‘गुण’ ह्या शब्दाचे दोन अर्थ

मराठी भाषेत काही शब्द असे आहेत की, त्यांच्या पोटात दोन निराळे अर्थ शेजार धरून राहतात, आणि आपण त्यांच्या ह्या सहवासाकडे सहसा लक्ष देत नाही. ‘गुण’ हा त्यांपैकी एक शब्द होय. एखाद्या मुलाच्या अंगी विनय, चिकाटी, रसिकता हे गुण आहेत असे आपण म्हणतो. आणि त्याच मुलाला इंग्रजीच्या पत्रिकेत शंभरांपैकी ६२ गुण मिळाले, असेही त्याच दमात म्हणतो. पहिल्या अर्थी गुण हा मनुष्याच्या स्वभावाचा भाग आहे; तो हळूहळू रुजतो आणि त्यास माप नाही. दुसऱ्या अर्थी गुण म्हणजे निव्वळ एक आकडा. तो कागदावर लिहिला जातो आणि त्याची बेरीज होते. आम्हा शिक्षकांस तर हा शब्द ह्या दोन्ही अर्थांनी दिवसातून अनेक वेळा उच्चारावा लागतो. तेव्हा सहजच प्रश्न उद्भवतो की, दोन कल्पनांस एकच शब्द योजण्यात आपल्या भाषेने गफलत केली आहे, की त्या दोहोंत खरोखरच काही नाते आहे? मिळविलेल्या गुणांनी अंगचा गुण वाढतो काय? की आकड्याच्या मागे लागल्याने, ज्या गुणासाठी तो आकडा निर्माण झाला तोच गुण नाहीसा होतो?

ह्या प्रश्नाचा विचार करताना परीक्षेचे उदाहरण प्रथम घेणे इष्ट नाही. परीक्षेत आपणा सर्वांचे हितसंबंध गुंतलेले असतात; पालकांस चिंता असते, विद्यार्थ्यांस भय असते, आणि शिक्षकांस (हे मी अनुभवाने सांगतो) अभिमान असतो. अशा ठिकाणी विचार निर्मळ राहात नाही. म्हणून मी एका खेळाचे उदाहरण घेणार आहे. विषय कित्येक वाचकांस क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु खेळात गुणांची पद्धत कोणा एका रचनाकाराने आरंभापासून जाणूनबुजून बांधलेली असते, आणि तिच्यावर कोणाची नोकरी वा कोणाचा विवाह अवलंबून नसतो. त्यामुळे आकडा मनुष्याचे काय करतो, हे तेथे जितके उघडे दिसते तितके इतरत्र क्वचितच दिसते.

खेळाचे नाव ‘लुमिनेस’. तेत्सुया मिझुगुची ह्या जपानी रचनाकाराच्या कल्पनेतून तो निघाला, आणि डिसेंबर २००४ मध्ये ‘प्लेस्टेशन पोर्टेबल’ ह्या हातात धरावयाच्या खेळयंत्राबरोबरच जपानात प्रसिद्ध झाला. २०१८ साली त्याची सुधारलेली आवृत्ती संगणकावरही आली. मिझुगुचींनी तत्पूर्वी, २००१ साली, ‘रेझ’ नावाचा खेळ रचून तो कांडिन्स्की ह्या रशियन चित्रकारास अर्पण केला होता. रंगांस स्वर असतात आणि स्वरांस रंग असतात, ही कांडिन्स्कीची श्रद्धा. ‘लुमिनेस’ हा तीच श्रद्धा बोटांच्या टोकांवर आणण्याचा प्रयत्न आहे असे म्हटले तर चूक होणार नाही.

खेळाची मांडणी अशी. पट सोळा घरे रुंद आणि दहा घरे उंच. वरून चार घरांचे चौरस ठोकळे एकामागून एक खाली येतात. प्रत्येक ठोकळ्यात दोनच रंग. फिरविल्यावर एकसारखे होणारे ठोकळे एकच धरले, तर त्यांचे अवघे सहा प्रकार होतात: दोन संपूर्ण एकरंगी, दोन तीनास एक ह्या प्रमाणाचे, एक अर्धा-अर्धा, आणि एक बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे तिरपा. हे ठोकळे फिरवून, सरकवून असे बसवावयाचे की, एकाच रंगाची चार घरे मिळून चौकोन व्हावा. इथवर हा खेळ १९८४ साली मॉस्कोत पाजित्नोव्ह ह्यांनी रचलेल्या सुप्रसिद्ध ‘टेट्रिस’चा चुलतभाऊच वाटेल. परंतु एक मोठा भेद आहे. टेट्रिसमध्ये ओळ पूर्ण होताच ती नाहीशी होते. लुमिनेसमध्ये चौकोन पूर्ण झाला तरी तो जागच्या जागी राहतो. पटावरून डावीकडून उजवीकडे एक उभी रेषा संथपणे सरकत असते. तिला आपण कालरेषा म्हणू. ती चौकोनावरून जाईल तेव्हाच तो पुसला जातो आणि तेव्हाच त्याचे गुण मिळतात. ही कालरेषा पार्श्वभूमीस चाललेल्या संगीताच्या लयीने चालते; संगीत बदलले की तिची गतीही बदलते. शिवाय खेळाडू ठोकळा फिरवितो वा टाकतो त्याचा ध्वनीही त्या संगीतातच मिसळून जातो. म्हणजे खेळणारा जसा गुण मिळवीत असतो तसाच तो नकळत वाजवीतही असतो.

आता गुणांची पद्धत पाहा. एकेक चौकोन करून तो पुसला जाण्याची वाट पाहणाऱ्यास गुण मिळतात, परंतु थोडे. कालरेषेच्या एकाच फेरीत अनेक चौकोन एकदम पुसले गेले तर गुण पटीने वाढतात, आणि लागोपाठच्या फेऱ्यांत हाच क्रम टिकविला तर आणखी वाढतात. एकमेकांवर चढलेले चौकोनही निरनिराळे मोजले जातात. त्यामुळे दोन घरे उंच आणि पाच घरे लांब अशी एकरंगी पट्टी केली, तर दहाच घरांत चार चौकोन साधतात. उलटपक्षी, रेषा चौकोनाच्या मधोमध आली असता तो पुरा केला, तर अर्धाच भाग पुसला जातो आणि पदरी काहीच पडत नाही. पटावर एकच रंग उरला किंवा पट अगदी रिकामा झाला, तर वेगळे बक्षीस आहे.

ह्या पद्धतीतून जी खेळनीती निघते ती मोठी बोधप्रद आहे. कुशल खेळाडू मिळालेला चौकोन घाईने पुरा करीत नाही. त्यास एक घर कमी ठेवतो, शेजारी त्याच रंगाची पट्टी वाढवीत नेतो, तिरपा ठोकळा आला तर तो कामाच्या जागेपासून दूर एका कोपऱ्यास ठेवतो, आणि रेषा जवळ येऊ लागली की, तो राखलेला एक ठोकळा योग्य क्षणी टाकून सारी पट्टी एकदम जिवंत करतो. ज्यांनी चांगले ख्यालगायन ऐकले आहे त्यांस हे चित्र परके वाटणार नाही. गवई आवर्तनात हवे तिकडे फिरतो, परंतु सम कोठे आहे ह्याचे भान त्याच्या अंगात मुरलेले असते. सम त्याच्यासाठी थांबत नाही; त्यानेच समेवर यावयाचे असते. लवकर येणे हाही दोष आणि उशिरा येणे हाही दोष. तद्वत् येथेही लोभास आवर घालणे, लयीचे भान राखणे, आजचा लहान लाभ उद्याच्या मोठ्या लाभासाठी सोडणे, हे सर्व त्या आकड्याने शिकविले. तेव्हा पहिला निष्कर्ष असा की, गुणांची पद्धत विवेकाने बांधलेली असेल तर ती गुणाची शत्रू नसून शिक्षिका आहे. भाषेने दोन्ही अर्थ एका शब्दात ठेवले ते काही उगाच नव्हे.

इथेच थांबता आले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते. परंतु ह्याच खेळात दुसरा एक प्रकार आहे. त्यास ‘टाइम अटॅक’ म्हणतात. त्यात ठरावीक वेळ दिलेला असतो. सर्वांत लहान मुदत ६० सेकंदांची, पुढे १८०, ३०० आणि ६००. ह्या प्रकारात पटीचे गुण नाहीत, रिकाम्या पटाचे बक्षीस नाही. दिलेल्या वेळात किती चौकोन पुसले गेले, एवढाच एक आकडा. आकड्याची व्याख्या बदलली की खेळणाराची नीतीही कशी बदलते ते पाहण्याजोगे आहे. लांबच्या खेळात अडचणीचे ठोकळे साचू दिले तर पट वरपर्यंत भरतो आणि खेळ संपतो. म्हणून पट स्वच्छ ठेवावा लागतो. साठ सेकंदांच्या खेळात पुढचा काळच नाही. कचरा साचला तरी तो आपणांस बुडविण्यापूर्वीच वेळ संपणार. सबब शहाणा खेळाडू तो साफ करण्यात एक क्षणही दवडीत नाही. कोपऱ्यात लोटतो आणि पुढे जातो. शिवाय रेषेच्या शेवटच्या फेरीनंतर बांधलेले काहीच मोजले जाणार नाही, हे ठाऊक असल्यामुळे अखेरचे काही क्षण तो हात आवरून धरतो. मुदत ठरलेली आहे हे कळले की मनुष्य उद्याची काळजी सोडून देतो, ह्या सत्याचा याहून स्वच्छ नमुना मला दुसरा ठाऊक नाही.

माझी धाकटी कन्या बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षास आहे. गेल्या सुटीत ती हा साठ सेकंदांचा खेळ खेळत असे, आणि स्वतःचाच आकडा मागे टाकण्याचा तिला ध्यास लागला होता. खेळाचे नियम मला तिनेच शिकविले, आणि लांबच्या खेळातील संगीत ऐकण्यास मी कधी कधी तिच्यामागे खुर्ची टाकून बसू लागलो होतो. एका संध्याकाळी खोलीत गेलो तो ती खेळत होती, पण आवाज मुळीच नव्हता.

“अगं, गाणं का बंद केलंस?” मी विचारले.

“बाबा, गाणं चालू असलं की हात त्याच्या नादानं जातो,” पडद्यावरील दृष्टी न काढता ती म्हणाली. “साठ सेकंदांत तेवढी चैन परवडत नाही. रेषा डोळ्यांनी दिसतेच की!”

तिचे म्हणणे अगदी खरे होते. संगीत बंद केले तरी कालरेषा त्या न ऐकू येणाऱ्या लयीनेच चालत होती. आणि तिचा आकडाही वाढला होता. तरीही मला कसेसेच झाले. ज्या खेळाचा प्राणच स्वर आणि रंग ह्यांचा मिलाफ, तो मुका करून खेळण्यात आकडा वाढतो, हे त्या आकड्याचे दूषण की खेळणारीचे? मी उपदेशाचे दोन शब्द बोलण्यास तोंड उघडले आणि मिटले. का मिटले ते पुढे सांगतो. प्रथम ह्या प्रश्नाचा शास्त्रीय विचार करू.

बर्नार्ड सूट्स ह्या तत्त्वज्ञांनी १९७८ साली ‘द ग्रासहॉपर’ नावाचे एक मार्मिक पुस्तक लिहिले. इसापाच्या गोष्टीतील आळशी नाकतोडाच तेथे तत्त्ववेत्ता झाला आहे. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे की, खेळणे म्हणजे अनावश्यक अडथळे आपण होऊन स्वीकारणे. गोल्फचा चेंडू भोकात घालणे एवढाच हेतू असता तर तो हाताने नेऊन टाकता आला असता. लांब काठीने तो दुरून मारावयाचा, हे बंधन आपण केवळ खेळ शक्य व्हावा म्हणून पत्करतो. ह्यावरून दोन गोष्टी निराळ्या होतात: खेळातील लक्ष्य आणि खेळण्याचा हेतू. लक्ष्य म्हणजे आकडा. हेतू म्हणजे त्या आकड्याचा पाठलाग करताना जे घडते ते. सी. थी न्गुएन ह्या अमेरिकन तत्त्वज्ञांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हाच धागा पुढे नेला आहे. त्यांच्या मते खेळाचा रचनाकार आपल्याला काही काळापुरती एक इच्छाच उसनी देतो. खेळ चालू असेपर्यंत ती आपली. खेळ संपला की ती परत करावयाची. धोका असतो तो उसनी इच्छा परत न करण्यात. आकडा इतका स्पष्ट आणि इतका सोपा असतो की, आपल्या अस्पष्ट, गुंतागुंतीच्या हेतूची जागा तो हळूच बळकावतो. चार्ल्स गुडहार्ट ह्या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात केलेले निरीक्षणही याच जातीचे आहे. त्याचा रूढ झालेला अर्थ असा की, एखादे माप हेच जेव्हा ध्येय होते, तेव्हा ते माप म्हणून निकामी ठरते.

ह्या विचारसरणीने पाहता माझ्या कन्येवर दोषारोप करणे सोपे आहे. तिने माप हेच ध्येय केले आणि संगीत गमावले. परंतु प्रतिपक्षाची बाजूही दुबळी नाही. प्रत्येक विद्येत असा एक काळ येतो की, रस बाजूस ठेवून केवळ हात तयार करावा लागतो. तबलजी एकच बोल तासन्‌तास घोटतो तेव्हा तो रसिकता गमावीत नसतो. ती पुढे खुलावी म्हणून क्षणभर आवरीत असतो. शिवाय आपल्या करमणुकीचे लक्ष्य कोणते असावे हे ठरविण्याचा अधिकार खेळणाऱ्याचाच आहे. बापाला स्वर हवे होते, मुलीला वेग हवा होता. यात नीतीचा प्रश्न येतोच कोठे? आणि ती काही सदाच मुका खेळ खेळत नव्हती. लांबच्या प्रकारात संगीत लावून तासभर रमतानाही मी तिला पाहिले होते. तिने जे बंद केले ते काय होते हे तिला ठाऊक होते, आणि ते पुन्हा चालू करणेही तिच्याच हाती होते.

हा शेवटचा मुद्दा मला निर्णायक वाटतो. आणि उपदेशासाठी उघडलेले माझे तोंड मिटले तेही त्यामुळेच. त्या क्षणी मला एक जुनी गोष्ट आठवली. ती सांगण्यास संकोच वाटतो, परंतु सांगितल्यावाचून विवेचन पुरे होणार नाही.

मी गेली सुमारे तीस वर्षे इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहे. नोकरीच्या प्रारंभीच्या काळात मी ज्या महाविद्यालयात होतो, तेथे काव्याच्या पत्रिकेचा निकाल बेताचा लागत असे. तो सुधारण्याचे काम मजकडे आले आणि मी ते मोठ्या हुशारीने केले. मागील दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका जमविल्या. कोणत्या कवितेवर कोणत्या प्रकारचा प्रश्न येतो याचे कोष्टक केले. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर चार परिच्छेदांत बांधून वर्गात लिहून दिले. परीक्षकाची दृष्टी उत्तरपत्रिकेवरून त्या कालरेषेसारखीच फिरते, आणि तिच्या वाटेत काय ठेवले असता ती गुण टाकून पुढे जाते, हे मला नेमके कळले होते. कविता वर्गात मोठ्याने वाचणे मी हळूहळू बंद केले. त्यात वेळ जाई, मुले रेंगाळत, कोणी तरी नको ते विचारी, आणि टिपणे अपुरी राहात. दोनच वर्षांत निकाल पालटला. वरिष्ठांनी माझे अभिनंदन केले, आणि ते अभिनंदन मी निःशंक मनाने स्वीकारले.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्या काळचा एक विद्यार्थी मला रेल्वे स्थानकावर भेटला. चांगल्या हुद्द्यावर होता. वाकून नमस्कार केला. “सर, तुमच्या टिपणांनी माझा प्रथम वर्ग आला,” तो कृतज्ञतेने म्हणाला. मी सहज विचारले, त्या कवितांपैकी एखादी अजून आठवते काय? तो मनमोकळेपणाने हसला. “कविता वाचायची वेळच कुठे आली, सर? टिपणं पुरेशी होती.” त्याच्या स्वरात टोमणा नव्हता, असता तर बरे झाले असते. तो माझी स्तुती करीत होता.

माझ्या कन्येने संगीत बंद केले ते स्वतःसाठी, ऐकून झाल्यावर. मी ते बंद केले दुसऱ्यांसाठी, आणि त्यांनी ते एकदाही ऐकण्यापूर्वी. ह्या दोन कृतींत जे अंतर आहे तेच माझ्या मते ह्या प्रश्नाचे उत्तर आहे. आकड्याच्या मागे लागणे हे स्वतः पाप नव्हे. साठ सेकंदांच्या खेळात सर्वस्व ओतून चौकोन मोजणाऱ्यास कमी रसिक म्हणण्याचा कोणास अधिकार नाही. फळाची आसक्ती सोडा म्हणणाऱ्या गीतेनेही नेम धरू नका असे कोठे म्हटलेले नाही. ज्याने स्वर ऐकला आहे तो आकड्यासाठी कान मिटू शकतो, कारण ते उघडण्याची आठवण त्याच्यापाशी शिल्लक असते. उसनी इच्छा परत करावयाची म्हटले तर ती कोठे परत करावयाची, हे त्यास ठाऊक असते. परंतु ज्यास प्रथमपासून मुकाच खेळ देण्यात आला, त्याच्यापाशी आकड्यावाचून दुसरे काही नाही. आपले काही हरवले आहे हेही त्यास कळत नाही, आणि म्हणून तो तक्रारही करीत नाही. उलट कृतज्ञतेने नमस्कार करतो. आकडा वाढत असतो, निकाल उत्तम लागत असतो, आणि लय कोणासही ऐकू न येता चालू असते.

यावर कोणी म्हणेल की, मग परीक्षाच बंद करा. तसे मी म्हणत नाही. गुणांची पद्धत चांगली असेल तर ती धीर शिकविते, हे वर दाखविलेच आहे. आणि गरीब घरच्या मुलास त्या आकड्यानेच कित्येक दारे उघडून दिली आहेत, हे मी विसरलो नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याचा हुद्दा खोटा नाही, आणि त्याच्या घरी त्या प्रथम वर्गाने आलेले सुखही खोटे नाही. मला म्हणावयाचे आहे ते इतकेच की, जो दुसऱ्याच्या हाती खेळ देतो (मग तो शिक्षक असो, आई-बाप असोत वा खेळाचा रचनाकार असो), त्याच्यावर एक कर्तव्य येते. आकडा दाखविण्यापूर्वी एकदा तरी स्वर ऐकविणे हे ते कर्तव्य होय. मिझुगुचींनी आपल्या खेळात ते पाळले; आवाज बंद करणे त्यांनी खेळणाऱ्यावर सोडले, परंतु खेळ दिला तो वाजता दिला. मी पाळले नाही. आपल्या भाषेने एका शब्दात जे दोन अर्थ शेजारी बसविले, त्यांची ताटातूट एखाद्या दुष्टाने केली असे नव्हे. निकाल सुधारणाऱ्या एका कर्तव्यदक्ष प्राध्यापकाने केली.

ह्या वर्षी जूनमध्ये काव्याचा वर्ग सुरू झाला तेव्हा मी पहिले दोन तास टिपणाची वही उघडली नाही. नुसत्या कविता वाचल्या. माझा आवाज आता पूर्वीसारखा राहिलेला नाही आणि मुलांसही त्याची सवय नव्हती, चुळबूळ झाली. दुसऱ्या तासाच्या मध्यावर पहिल्या बाकावरील एका विद्यार्थिनीने नम्रपणे हात वर केला आणि विचारले, “सर, ह्यावर प्रश्न येतो का?”

प्रश्न रास्त होता. तिचे आई-बाप तिच्या गुणांकडे डोळे लावून बसले असतील, आणि ते तिला मिळवून देण्याची जबाबदारी माझ्यावर आहेच. टिपणेही मी पुढे देणार आहे. ह्या दोन तासांची किंमत मार्चमधील निकालात तिला मोजावी लागेल की नाही, हे मला आज सांगता येत नाही. “नाही येत,” असे मी तिला सांगितले, आणि राहिलेली कविता वाचून पुरी केली.